पीनट ग्रास पुन्हा पुन्हा पिवळे पडते तेव्हा: पानाच्या वयापासून वाफा उकरण्यापर्यंतची तपासणी

पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात आणि नात्यातील सात-आठ घरांच्या बागांत मी गेली अकरा वर्षे पीनट ग्रास लावत आले आहे. या काळात एकच तक्रार मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली हिरवीगार गादी वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते, तिच्यावरची फुले कमी होतात, आणि घाबरून खत घातले की पिवळेपणा आणखी वाढतो. नावात ग्रास असले तरी ही वनस्पती गवत नसून भुईमुगाची जवळची नातलग आहे. तिच्या प्रत्येक पानात चार पर्णिका असतात, फुले भुईमुगासारखीच पिवळी असतात आणि फुलानंतर आऱ्याही, म्हणजे शेंग धरणारे देठ, जमिनीत शिरतात. तिच्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा या नात्यातच सापडते, कारण चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाला जे होते तेच हिलाही होते.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की शेंड्याकडची नवी पाने लिंबाच्या सालीसारखी पिवळी होतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर हिरव्या रेषांची जाळी उमटलेली दिसते. दुखणे वाढले की शिराही फिकट होतात, संपूर्ण पान पांढुरके दिसू लागते आणि शेवटी त्याच्या कडा करपतात. उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतात यालाच केवडा पडणे म्हणतात, आणि केवड्याच्या पातीशी हा रंग खरोखरच जुळतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक या एकाच प्रकारातल्या होत्या.

दुसऱ्या प्रकारात जमिनीलगतची जुनी पाने आधी पिवळी होतात, शिरांसकट एकसारखी पिवळी होतात आणि गळून पडतात, तर शेंडे हिरवे राहतात. तिसरा प्रकार मार्च ते मे या महिन्यांतला आहे. पानावर बारीक पांढरे ठिपके येतात, गादी लांबून धुळकट तांबूस दिसते, आणि पानाच्या खालच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे अतिशय तलम धागे असतात. चौथा प्रकार पावसाळ्यात येतो आणि तो सर्वांत घातक आहे. ताटाएवढ्या गोल भागातील फांद्या एकाएकी माना टाकतात, दोन-चार दिवसांत तपकिरी होतात आणि ते वर्तुळ आठवड्यागणिक मोठे होत जाते.

याखेरीज दोन गोष्टी लोक दुखणे म्हणून सांगतात. गादी हिरवी असूनही फुले येत नाहीत, ही एक. संध्याकाळनंतर सगळी पाने मिटलेली दिसतात, ही दुसरी. पाने मिटणे हा या वनस्पतीचा नित्यक्रमच आहे, भुईमूगही रात्री पाने मिटतो. पाने मिटलेली पाहून रात्री पाणी घालणाऱ्या दोन घरांत मी नंतर मूळकूज पाहिली आहे, म्हणून हे आधीच सांगते.

पहिली तपासणी: पानाचे वय

सकाळी दहाच्या सुमारास, पाने पूर्ण उघडलेली असताना, एक फांदी शेंड्यापासून बुडापर्यंत हातात धरून पाहावी. पिवळेपणा शेंड्याकडून सुरू झाला आहे की बुडाकडून, एवढेच ठरवायचे आहे. या पाहण्याला पैसे लागत नाहीत, आणि पुढची निम्मी दिशा त्यातूनच ठरते.

याचे कारण वनस्पतीच्या आतल्या देवाणघेवाणीत आहे. नत्र कमी पडले तर वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते, त्यामुळे जुनी पाने आधी पिवळी होतात. लोहाचे तसे होत नाही. एकदा पानात गेलेले लोह तेथून सहजासहजी हलत नाही, त्यामुळे लोह कमी पडले की जुनी पाने हिरवी राहतात आणि नवे पान जन्मतःच उपाशी राहते. शेंडा पिवळा आणि बूड हिरवे असेल तर नत्रयुक्त खताची पिशवी उघडू नये. युरिया दिला की नवी वाढ जोराने होते आणि मिळत असलेले तेवढेच थोडे लोह अधिक पानांत वाटले जाते. खत दिल्यावर पिवळेपणा वाढला अशी जी तक्रार मी ऐकते, ती अनेकदा याचमुळे असते.

बूड पिवळे आणि शेंडा हिरवा असेल तर चिंतेचे कारण बरेच कमी आहे. गादी फार दाट झाली की खालच्या पानांना उजेड मिळत नाही आणि ती गळतात. अशा वेळी कातरीने वरचा थर कापून साधारण तीन बोटे उंचीचा ठेवावा आणि गांडूळखताचा पातळ थर द्यावा, म्हणजे तीन-चार आठवड्यांत गादी पुन्हा भरते. या उपायाने गादी सुधारली तर पुढील तपासण्या करण्याची गरज नाही.

दुसरी तपासणी: पिवळेपणा कोठे कोठे आहे

वाफ्यापासून चार पावले मागे जाऊन, शक्य असल्यास पहिल्या मजल्यावरून, गादीकडे पाहावे आणि पिवळ्या भागाचा कागदावर कच्चा नकाशा काढावा. हा कागद मला दर वेळी उपयोगी पडला आहे, कारण पिवळा भाग ज्याच्या कडेने पसरतो तेच बहुधा कारण असते.

भिंतीच्या किंवा फरसबंदीच्या कडेने हात-दीड हात रुंदीचा पिवळा पट्टा असेल तर तेथे बांधकामाच्या वेळचे सिमेंट, गिलावा आणि विटांचे तुकडे पुरलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. नव्या इमारतींच्या बागांत वरून सहा इंच चांगली माती पसरलेली असते आणि तिच्याखाली राडारोडा असतो. मुळे तेथपर्यंत पोहोचायला एक-दोन वर्षे लागतात, म्हणूनच पहिल्या वर्षी गादी उत्तम दिसते. ठिबकच्या नळीच्या किंवा नळाच्या सभोवती पिवळे गोल असतील तर संशय पाण्यावर घ्यावा. सखल भागात, जेथे पावसाचे पाणी साचते तेथेच पिवळेपणा असेल तर निचरा पाहावा. झाडाखालच्या भागात रंग हिरवा पण फुले नाहीत, असे असेल तर सावली हेच उत्तर आहे. ही वनस्पती सावलीत जगते आणि पसरतेही, परंतु भरपूर फुलण्यासाठी तिला रोज चार-पाच तास ऊन हवे असते. झाडाच्या खालच्या फांद्या विरळ करणे किंवा तेथे फुलांची अपेक्षा सोडणे, एवढेच आपल्या हातात राहते.

संपूर्ण वाफा एकसारखा पिवळा असेल तर पुढे जावे.

तिसरी तपासणी: वाफसा

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणे येथेच सुटतात, म्हणून या तपासणीवर घाई करू नये. खुरप्याने गादी बाजूला सारून चार-पाच इंच खोलीवरची मूठभर माती काढावी आणि दाबावी. मातीचा गोळा होतो, पण बोटाने टोचल्यावर तो भुगा होऊन सुटतो, तळहात ओलसर वाटतो पण चिखल लागत नाही, असे असेल तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी आहेत. गोळा लोण्यासारखा दबला, बोटांना चिकटला किंवा त्याला कुबट वास आला, तर पाणी जास्त होत आहे.

बागेत पीनट ग्रास पिवळे दिसले की बहुतेकजण आधी पाणी वाढवतात, आणि नेमके त्यानेच दुखणे पक्के होते. मुळे आणि मातीतील जीवाणू श्वासोच्छ्वास करतात व त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मातीत हवा खेळती असेल तर तो निघून जातो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो आतच अडकतो, पाण्यात विरघळतो आणि चुना असलेल्या मातीत त्याचे बायकार्बोनेट तयार होते. पीनट ग्रासचे मूळ लोह मिळवण्यासाठी आपल्या भोवतीची माती थोडी आंबट करते आणि लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणते. बायकार्बोनेट हा आंबटपणा तेथल्या तेथे मारून टाकतो. त्यामुळे मातीत लोह भरपूर असूनही मुळाला ते घेता येत नाही. दख्खनचा काळा पाषाण लोहाने समृद्ध आहे आणि आपली काळी माती त्याच पाषाणापासून झाली आहे, तरीही त्या मातीतले पान लोहाविना पिवळे पडते, याचे कारण हे आहे.

उपाय बिनखर्चाचा आहे. पाणी पूर्ण थांबवावे आणि वाफसा येईपर्यंत पुन्हा देऊ नये. काळ्या मातीत हिवाळ्यात त्यासाठी आठ-दहा दिवसही लागतात. गादीवरून चालणे बंद करावे, कारण ओल्या काळ्या मातीवर पाय पडला की ती दबते. टोकदार लोखंडी सळईने एकेक वीत अंतरावर पाच-सहा इंच खोल भोके पाडली तर हवा आत जाते. नंतर पाणी रोज थोडे थोडे न देता, वाफसा सरत आल्यावर एकदाच भरपूर द्यावे. दोन आठवड्यांनी नवे फुटलेले पान पाहावे. जुनी पिवळी पाने लवकर हिरवी होत नाहीत, म्हणून निर्णय नेहमी नव्या पानावरून घ्यावा. नवे पान हिरवे आले तर कारण सापडले.

चौथी तपासणी: पानाची खालची बाजू आणि बुंधा

कोरा पांढरा कागद गादीखाली धरून फांदी त्यावर झटकावी. कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडले आणि मिनिटभरात ते चालू लागले, तर तो लाल कोळी आहे. कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते, त्यामुळे रस्त्याकडेच्या बागा उन्हाळ्यात आधी त्याच्या तावडीत सापडतात. औषधाच्या आधी पाणी वापरावे. पाइपच्या तोंडावर बोट धरून पानांच्या खालच्या बाजूने जोराची धार एक दिवसाआड आठवडाभर मारावी. ही धुणी सकाळी लवकर करावी, म्हणजे दुपारपर्यंत गादी कोरडी होते. तरीही कोळी राहिला तर ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडा मऊ साबण १ लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावे. कोळ्यावर साधी कीटकनाशके मारू नयेत, कारण त्यांनी कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने परततो.

गोल भाग मरत असेल तर त्या वर्तुळाच्या कडेला, म्हणजे नुकत्याच मलूल होऊ लागलेल्या फांद्यांच्या बुंध्याशी, पालापाचोळा बाजूला करून पाहावे. मेलेल्या मध्यभागात काही सापडत नाही, रोग कडेला चालू असतो. बुंध्यावर पांढऱ्या कापसासारखे धागे आणि त्यांत आधी पांढरे, मग तपकिरी होणारे मोहरीएवढे दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशीची खोडकूज आहे. भुईमुगाचे शेतकरी तिला चांगले ओळखतात. ते दाणे म्हणजे तिचे बियाणे समजावे, कारण ते जमिनीत काही वर्षे टिकतात. वर्तुळाच्या बाहेरची वीतभर निरोगी गादी धरून सगळे काढावे, वरची दोन-तीन इंच मातीही काढावी आणि सर्व पिशवीत बांधून बागेबाहेर द्यावे. हे अवशेष कंपोस्टच्या खड्ड्यात कधीही टाकू नयेत, आणि वापरलेले खुरपे धुऊन उन्हात वाळवावे. त्या जागेला काही दिवस ऊन लागू द्यावे, मग चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी मिसळून पसरावे. केवड्यावरच्या पुढील उपायांचा या रोगाशी संबंध नाही, त्यामुळे आधी हा रोग आहे की नाही हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाचवी तपासणी: चुना मातीत आहे की पाण्यात

वाफ्याच्या तीन-चार ठिकाणची कोरडी माती बशीत घेऊन तीवर स्वयंपाकघरातील व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली किंवा फेस आला तर मातीत मोकळा चुना आहे. भिंतीकडची माती फसफसते आणि मधली फसफसत नाही, असे दिसले तर दुसऱ्या तपासणीतील राडारोड्याचा संशय खरा ठरतो.

पाण्यासाठी बागेचा नळ, पाइपचे तोंड आणि ठिबकची छिद्रे पाहावीत. तेथे पांढरी खरपुडी जमली असेल, तर ते पाणी दर वेळी थोडा चुना आणि बायकार्बोनेट मातीत सोडत आहे. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी या प्रकारचे जड असते. आमच्या संस्थेत बोअरवेलचे पाणी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी पहिले पिवळे शेंडे दिसतात, आणि पावसाळ्यातील चांगल्या निचऱ्याच्या आठवड्यांत ते आपोआप हिरवे होतात. हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की नव्या घरी गेल्यावर पाणी कोठून येते हा प्रश्न मी आधी विचारते.

या वनस्पतीचा मूळ देश लक्षात घेतला तर हे आश्चर्याचे वाटणार नाही. ती ब्राझीलची आहे. १९५४ साली बाहिया राज्यात जी. सी. पी. पिंतो यांनी ती प्रथम गोळा केली आणि १९९४ साली त्यांच्याच नावावरून तिला अरॅकिस पिंटोई हे शास्त्रीय नाव मिळाले. आंबट, चुन्याविना असलेल्या जमिनी तिला चांगल्या मानवतात. माझ्या मावशीच्या रत्नागिरीजवळच्या अंगणात, जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीत, माझ्याच वाफ्यातून नेलेल्या फांद्या लावल्या आहेत आणि तेथे केवडा कधी पडला नाही. कोकणात आणि गोव्यात या रोपाची तक्रार आली तर ती पावसातील कुजण्याची असते, म्हणून तेथील वाचकांनी चौथ्या तपासणीवरच भर द्यावा.

चुना सापडला तर आधी आपल्या हाताने पडणारा चुना बंद करावा. अंड्याची कवचे, चुलीची किंवा शेगडीची राख आणि हाडांचे खत हे तिन्ही पदार्थ घरच्या बागेत प्रेमाने घातले जातात, आणि तिन्ही या वनस्पतीच्या केवड्यात भर घालतात. स्फुरदयुक्त खतेही थांबवावीत, कारण जास्तीचे स्फुरद लोहाला आणखी अडकवते. पाण्याच्या बाबतीत गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवता आले तर ते पीनट ग्राससाठी राखून ठेवावे, नाहीतर महापालिकेच्या पाण्यात बोअरवेलचे पाणी मिसळून द्यावे. पाणी आंबट करण्यासाठी फरशी किंवा शौचालय साफ करण्याचे आम्ल वापरण्याचा सल्ला मला दोनदा ऐकायला मिळाला आहे. तो कोणीही पाळू नये, कारण त्याने मुळे जळतात आणि हाताळणाऱ्याच्या डोळ्यांना व हातांना इजा होते.

सहावी तपासणी: एक फुटाच्या चौकोनात हिराकस

आता थोडा खर्च येतो, परंतु संपूर्ण वाफ्यावर उपचार करण्यापूर्वी लोहाचा संशय खरा आहे का, हे या तपासणीने निश्चित कळते. १ लिटर पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्रातील पाणी घ्यावे, त्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) आणि मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवावे. क्रम महत्त्वाचा आहे. बोअरवेलच्या पाण्यात हिराकस टाकले की थोड्या वेळात पाणी गढूळ तांबूस होते, म्हणजे लोह गंजून गेले आणि ते फवारणे व्यर्थ आहे. हिराकसाचे खडे फिकट हिरवे असावेत. डब्यात तपकिरी पूड झालेली असेल तर नवे आणावे.

हे द्रावण पिवळ्या गादीच्या एक फूट लांब-रुंद चौकोनावर संध्याकाळी, पाने मिटण्यापूर्वी, दोन्ही बाजू ओल्या होतील असे फवारावे आणि चारही कोपऱ्यांना काड्या रोवाव्यात. चार ते आठ दिवसांत पानांवर जेथे थेंब बसले तेथे हिरवे ठिपके उमटले, तर लोहाची कमतरता सिद्ध झाली. पहिल्यांदा ते ठिपके पाहिले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले होते, इतके ते स्पष्ट असतात. काहीही बदल दिसला नाही तर फवारणी वाढवू नये. कारण दुसरे आहे आणि आठव्या तपासणीकडे जावे.

ठिपके उमटल्यास संपूर्ण गादीवर तीच फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन वेळा करावी. प्रमाण वाढवल्यास पाने करपतात. हिराकसाचे थेंब कोटा, शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर पडले तर गंजाचे डाग राहतात, म्हणून फवारणीपूर्वी फरशी भिजवून ठेवावी आणि नंतर लगेच धुवावी. फवारणीचे लोह फवारलेल्या पानांतच राहते, पुढे फुटणाऱ्या पानांत ते फारसे जात नाही. तिसऱ्या आणि पाचव्या तपासणीतील दोष तसाच ठेवून कोणी वर्षभर फवारत राहिले तर वर्षभर फवारतच राहावे लागेल.

सातवी तपासणी: जमिनीतून लोह देऊन पाहणे

हिराकस चुनखडीच्या जमिनीत नुसते टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे, कारण काही दिवसांतच त्याचे न विरघळणारे रूप होते. जमिनीतून द्यायचे तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, द्यावे लागते, आणि दुकानात ते मागताना पाकिटावरील अक्षरे नीट वाचावीत. ईडीटीए प्रकारचे लोह स्वस्त असते, परंतु मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही, आणि आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा त्याहून बराच जास्त असतो. ईडीडीएचए प्रकारचे लोह गडद तांबड्या दाण्यांचे, महाग असते आणि ते चुनखडीच्या जमिनीतही टिकते. विक्रेता दोन्ही सारखेच असल्याचे सांगतो, पण ती सारखी नाहीत. पाकिटावरील प्रमाणाने ते पाण्यात विरघळवून, वाफसा असताना, मुळांशी ओतावे. पानांवर सांडले तर धुऊन टाकावे. एका वाफ्यासाठी वर्षातून एकदा, बोअरवेलचे पाणी सुरू होण्याच्या सुमारास, ते दिलेले मला पुरले आहे.

गंधक घालून जमीन आंबट करण्याचा उपायही सांगितला जातो. व्हिनेगर टाकल्यावर जोराने फसफसणाऱ्या मातीत त्याचा मला उपयोग झाला नाही, आणि तो होणेही कठीण आहे, कारण मातीतला चुना तयार होणारे सगळे आम्ल पिऊन टाकतो.

आठवी तपासणी: मुळे

हिराकसाने ठिपके आले नाहीत, कोळी नाही, बुरशी नाही, तर एक रोप मातीच्या ढेकळासह काढून बादलीत हलकेच धुवावे. मुळांच्या कडेला चिकटलेल्या, नखाने सहज सुटणाऱ्या बारीक गाठी या जीवाणूंच्या उपयुक्त गाठी आहेत. एखादी कापल्यावर आत गुलाबी दिसली तर ती काम करत आहे आणि रोपाला हवेतील नत्र मिळत आहे. त्या गुलाबी द्रव्यातही लोह असते, म्हणून दीर्घकाळ केवडा पडलेल्या वाफ्यात गाठी कमी आणि फिकट दिसतात. मूळच सुजून त्याला मणी ओवल्यासारखे फुगवटे आले असतील आणि ते नखाने सुटत नसतील, तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा, संशय घ्यावा. मुळे तपकिरी, साल सुटणारी आणि दुर्गंधीयुक्त असतील तर ती कुजली आहेत.

नववी तपासणी: माती परीक्षण आणि नवा वाफा

येथवर येऊनही दर वर्षी पिवळेपणा परतत असेल तर अंदाज थांबवून माती तपासून घ्यावी. वाफ्याच्या पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, सगळी एकत्र मिसळून त्यातील अर्धा किलो सावलीत वाळवावी आणि कापडी पिशवीत भरून जिल्हा मृद परीक्षण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावी. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि उपलब्ध लोह या चार गोष्टी मागून घ्याव्यात. उपलब्ध लोह दर किलो मातीत ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते अपुरे धरले जाते. हा आकडा पुरेसा असूनही केवडा पडत असेल तर दोष पाण्यात आणि हवेच्या अभावात आहे, मातीत लोह घालून तो जाणार नाही. त्याच वेळी बाटलीभर पाणीही तपासायला द्यावे.

राडारोडा सापडला असेल तर वाफा उकरण्याला पर्याय नाही, आणि हे काम जड असते. एक ते सव्वा फूट खोल खणून सिमेंटचे व गिलाव्याचे तुकडे वेचावेत, तळाला निचऱ्यासाठी उतार द्यावा, आणि चांगली तांबडी माती, कुजलेले शेणखत व थोडी धुतलेली जाडी वाळू मिसळून वाफा सभोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरावा. भरण्यापूर्वी आणलेल्या तांबड्या मातीवरही व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे, कारण रंगावरून चुन्याचा अंदाज येत नाही. जूनच्या अखेरीस जुन्या गादीतील निरोगी, तीन-चार पेरांच्या फांद्या वीतभर अंतरावर लावाव्यात. दोन पेरे मातीत गेली पाहिजेत, कारण मुळे तेथूनच फुटतात.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वाफा गच्चीवर किंवा तळघराच्या छतावर असेल तर आठव्या तपासणीपुढे स्वतः जाऊ नये. कुदळीचा एक घाव जलरोधक थराला लागला की बागेचे काम इमारतीचे होते. तेथे जलरोधनाचे काम करणाऱ्या जाणत्या कारागिरासमोरच माती काढावी. पाणी बंद करूनही दोन आठवड्यांत वाफसा येत नसेल तर खाली पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी गळत असण्याची शक्यता आहे, आणि ते काम प्लंबरचे आहे. मातीला सांडपाण्याचा वास येत असेल तर हातमोज्यांशिवाय ती हाताळूही नये.

खोडकुजीने एक तृतीयांशापेक्षा जास्त गादी गेली असेल, किंवा काढलेल्या जागेच्या कडेने पुन्हा पांढरे धागे दिसले असतील, तर कृषी विज्ञान केंद्रातील किंवा कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगतज्ज्ञांना नमुना दाखवावा. दुकानदाराच्या शब्दावर बुरशीनाशके एकामागून एक ओतू नयेत, विशेषतः जेथे मुले गादीवर खेळतात किंवा जवळ विहीर आहे तेथे. सूत्रकृमींचा संशय आला तरीही हाच मार्ग धरावा, कारण त्यांवरील जुनी औषधे घरच्या बागेत हाताळण्याजोगी नाहीत. परीक्षणात क्षारता दर मीटरला १ डेसिसीमेन्सच्या बरीच वर आली तर पाण्याचा स्रोतच बदलावा लागतो, आणि तो निर्णय मृदशास्त्रज्ञाशी बोलून घ्यावा.

तज्ज्ञांकडे जाताना पिशवीत तीन गोष्टी असाव्यात: ओल्या कागदात गुंडाळलेली, मुळांसकट काढलेली दोन रोपे, म्हणजे एक पिवळे आणि एक त्याच वाफ्यातील हिरवे, दुसऱ्या तपासणीत काढलेला नकाशा, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणते खत, कोणते पाणी व कोणती फवारणी कधी दिली याची तारीखवार नोंद. रोपे त्याच दिवशी सकाळी काढावीत. आदल्या दिवशी काढलेल्या रोपांची पाने मिटलेली आणि मुळे सुकलेली असतात, आणि त्यांवरून कोणालाही काही सांगता येत नाही.